पडद्याची उलटी बाजू

खुशाल, तुझे पडदे मी अकरा सीझन पाहिले
आणि एकदाही सरळ पाहिले नाहीत.
प्रॉम्टर माणूस मी. विंगेत, मांडीवर वही, वहीवर बॅटरी,
आणि नाकापुढे तुझ्या राजवाड्याची पाठ:
कापडातून झिरपलेला गेरू,
खांबांचे पुसट डाग,
खळीचा आंबूस वास.

आलास तेव्हा सोळाचा होतास.
नुकताच पोळा झालेला,
गावभरच्या बैलांची शिंगं रंगवून
नखांत अजून हिंगूळ.
चंद्रभान पेंटरनं विचारलं, "काय काढतं बे?"
"जे नाही ते," तू म्हणालास.
म्हाताऱ्यानं तुला जंगलाच्या पडद्याला बसवलं,
म्हणजे जे आहे त्याला.
आपल्याकडं जंगल काढणं सगळ्यात अवघड.
येनाची साल जरा चुकली
की मागच्या सतरंजीवरून कोणी तरी ओरडणारच.

एक वर्ष नागपूरला काढलंस, आर्टच्या कॉलेजात.
परतलास तेव्हा म्हणालास,
"प्लास्टरचं नाक काढाले लावतेत भाऊ,
त्या नाकाले वास नाही."
खरं कारण तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.
वडसा स्टेशनवर दोन-दोन आलूबोंडे खाल्ले
आणि तालमीला गेलो.

रंगवायच्या आधी तू रंजूबाईला विचारायचास,
पहिल्या अंकात साडी कोणती?
मागच्या भिंतीनं बाई गिळू नये म्हणून.
ती तुला शिव्या द्यायची,
डब्यातलं अंडं मात्र तुलाच.
ऑर्गनवाला यशवंता म्हणायचा,
हा पोरगा सूर विचारत नाही, साडी विचारतो.

थंडी पडली की तुझे सांधे धरायचे.
सिकलसेल.
डॉक्टरनं कागदावर पेशी काढून दाखवली,
विळ्यासारखी वाकडी.
तू त्याच्या हातातला पेन घेतलास:
"असा नाही साहेब. धार आतल्या अंगाले असते."

त्या वर्षापासून प्रत्येक पडद्यात चंद्र आला.
बागेत, तुरुंगात,
भरदुपारच्या चौकातही, पानटपरीच्या पत्र्यावर,
नखाएवढा.
मला मागून दिसायचा, डावीकडं फुगलेला,
वद्यातला, सरत आलेला.
मी कधी बोललो नाही.
वाटायचं, पोरगा आपली तिथी लिहून ठेवतोय.

मग मालकानं फ्लेक्सचा महाल आणला.
चकचकीत. झुंबरं असलेला.
तू भांडला नाहीस. मला म्हणालास,
"आता त्याच्या मागं बसून दाखव."
बसलो.
मागून नुसता पांढरा, खुशाल.
काहीच झिरपत नाही त्यातून.

पौषात, शंकरपटाच्या रात्री, तिसरा अंक चालू असताना
गडचिरोलीच्या दवाखान्यातून फोन आला.
सत्तावीस.
मी पुढचं वाक्य दिलं.
त्याच्या पुढचं दिलं.
पहाटे पाचपर्यंत देत राहिलो,
आणि सकाळी कोणी म्हणालं,
आज एकही जागा पडली नाही.

यंदा मी वही सोडली. डोळे साथ देत नाहीत.
मोहटोल्याला तुझा एक जुना संच भाड्यानं गेला आहे कळलं,
म्हणून तिकीट काढलं, आयुष्यातलं पहिलं,
आणि बायाबापड्यांच्या गोधड्यांमध्ये बसलो.
पडदा सुटला.
जंगल.
येनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारख्या भेगा,
कोणी ओरडलं नाही.
आणि फांद्यांत, कोपऱ्यात, तो चंद्र.
उजवीकडं फुगलेला.
शुद्धातला रे, तिजेचा असेल,
वाढायला निघालेला.

एवढी वर्षं.

तेवढ्यात नायक अडला. नवा प्रॉम्टर गडबडला.
माझ्या तोंडून वाक्य गेलं, आपोआप, दबक्या आवाजात,
आणि शेजारची बाई कोपर मारून म्हणाली,
"चूप ऱ्हा ना गा भाऊ, आयकू दे."